ऐक्य हवे, पण एकसारखेपणा?



दरवर्षी ज्येष्ठ वद्य पक्षात संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरकडे निघते, तेव्हा पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते. उपासनेच्या पद्धती भिन्न आहेत आणि त्या तशाच राहिल्या. तरीही शेजार टिकला. याच देहूपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत आज मराठवाड्याचा, बिहारचा, ओडिशाचा, बंगालचा कामगार एकाच पाळीत उभा असतो. भिन्न माणसांनी एका छत्राखाली न्यायाने कसे नांदावे, हा प्रश्न म्हणूनच आपल्या दारातला आहे. तो अनेक देशांना छळणाराही आहे.

सूरह रूमच्या २२व्या आयतीत माणसांच्या भाषा व वर्ण यांतील वैविध्याची गणना अल्लाहच्या निशाण्यांत केली आहे. सूरह हुजुरातच्या १३व्या आयतीत राष्ट्रे आणि कबिले यांचे प्रयोजन परस्परांची ओळख हे सांगितले असून, प्रतिष्ठेचे माप केवळ ईशभय ठरविले आहे. सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीनुसार प्रत्येक प्रेषिताने आपल्या लोकांच्याच भाषेत संदेश दिला. यातून एक निष्कर्ष अटळपणे निघतो. जी गोष्ट अल्लाहची निशाणी आहे, ती पुसून टाकणे कोणत्याही सत्ताधीशाच्या अधिकारात येत नाही.

या कसोटीवर मुस्लिम जगाचा अलीकडचा इतिहास तपासला तर मान खाली जाते. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. ते कुर्द होते. त्यांचे वंशबांधव तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया या चार देशांत विखुरले गेले. सीरियात १९६२च्या जनगणनेत सुमारे सव्वा लाख कुर्दांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. तुर्कस्तानात १९८३च्या कायद्याने कुर्दी भाषेतील प्रकाशनांवर बंदी आली. ती १९९१ साली उठली. इराकमध्ये १६ मार्च १९८८ रोजी हलबजा येथे विषारी वायूने हजारो निरपराध माणसे मारली गेली. त्याच काळात कुर्दांविरुद्ध चाललेल्या संहार-मोहिमेला तेथील राजवटीने ‘अन्फाल’ हे कुरआनमधील एका सूरहचे नाव दिले होते. मारणारे आणि मरणारे बहुतांशी एकाच किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढणारे होते. उम्मतच्या ऐक्याची घोषणा अन्यायाचे पांघरूण होऊ शकते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

केंद्रीय सत्तेचे समर्थक म्हणतात, प्रत्येक समूहाला वेगळा अधिकार दिला तर देश फुटेल. सर्वांना एक कायदा, एक भाषा हीच खरी समता. हा आक्षेप हलका नाही. फितना आणि फाळणी यांची भीती इतिहासाने शिकवलेली आहे. परंतु देश फुटतो तो वेगळेपणामुळे की वेगळेपणाच्या अपमानामुळे? इराकच्या २००५च्या संविधानाने अरबीबरोबर कुर्दी ही राजभाषा मानली आणि कुर्दिस्तानला संघराज्यात स्वायत्त प्रदेशाचे स्थान दिले. दशकानुदशकांच्या बळजबरीने जे साधले नाही, ते शेवटी वाटाघाटींच्या मेजावरच शोधावे लागले.

मदीनेच्या सनदेचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. हिजरतनंतर प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी मदीनेतील विविध घटकांमध्ये जो करार घडवून आणला, त्यात प्रत्येक कबिल्याने खूनभरपाईचा व्यवहार आपापल्या रूढीप्रमाणे करावा असे ठरले. यहुदींना त्यांचा धर्म मोकळा राहिला. नगराचे संरक्षण मात्र सामायिक होते आणि मोठ्या वादांचा अंतिम निवाडा एका ठिकाणी होता. जे स्थानिक ते स्थानिकांकडे, जे सामायिक ते सर्वांचे. सूरह शूराच्या ३८व्या आयतीत श्रद्धावंतांचा कारभार सल्लामसलतीने चालतो असे सांगितले आहे. ज्याचे मत कधी विचारलेच जात नाही, त्याच्यापुरती शूरा अस्तित्वातच नसते.

मग संघराज्य आले म्हणजे न्याय आला काय? आपण मराठी भाषकांनी तरी असे मानू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल महाराष्ट्राने अमान्य केला. २००४ साली वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारी कागदपत्रे आपल्या भाषेत मिळावीत, ही सीमाभागातील मराठी माणसाची मागणी जुनीच आहे. संविधानाचा ३५० अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगतो. पण कागदावरचा हक्क वर्गापर्यंत पोहोचायला बहुसंख्याकांची सद्बुद्धी लागते. दिल्लीकडून अधिकार मागणारे राज्य आपल्या सीमेतील लहान समूहासाठी स्वतःच दिल्ली होऊन बसू शकते. किरकुकमधील तुर्कमेन आणि अरब यांना कुर्द सत्तेविषयी वाटणारी धास्ती याच जातीची आहे.

देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. पुढच्याच वर्षी भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी अशा राज्यांत अल्पसंख्य समाजांचे बहुसंख्याकांपुढे काय होईल, ही चिंता मांडली. ती आजही शिळी झालेली नाही.

म्हणून प्रश्न शेवटी आपल्याकडेच वळतो. हदीसमध्ये असबियतची, म्हणजे आंधळ्या गटाभिमानाची, व्याख्या स्पष्ट आहे: आपल्या लोकांवर प्रेम करणे हा दोष नाही, अन्यायात त्यांना साथ देणे हा दोष आहे. शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी गायले. भाषेवरचे त्यांचे प्रेम असबियत नव्हते. पण बेळगावात मराठी शाळा मागणारे आपण जत आणि अक्कलकोटच्या कन्नड शाळांविषयी तितकीच आस्था बाळगतो काय? धर्माने अल्पसंख्य म्हणून आपण न्याय मागतो आणि भाषेने बहुसंख्य म्हणून चाकणच्या खोलीत राहणाऱ्या बंगाली मजुराकडे संशयाने पाहतो, तेव्हा आपले माप बदललेले असते. त्याच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळवून देणे, जुमाच्या नमाजनंतर त्याची विचारपूस करणे, त्याला भाड्याने खोली नाकारली गेली तर त्याच्या बाजूने बोलणे, हे कोणत्याही संविधान-दुरुस्तीची वाट न पाहता आपल्याला करता येते.

देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे माप वेगळे ठेवणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनने कठोर इशारा दिला आहे. तो केवळ धान्याच्या तराजूपुरता नाही. हक्कांच्या तराजूलाही तोच लागू आहे. अल्लाह आपल्याला दोन्ही बाजूंना एकच माप वापरण्याचे सामर्थ्य प्रदान करो. आमीन.