सातव्या वर्षी काय खावे?

शास्त्रपाठ : लेवीय २५:१८-२२



जमिनीला सातव्या वर्षी विसावा द्यावा ही आज्ञा आपण संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवितो. पण तिच्या पुढच्या वचनांवर सहसा थांबत नाही. पेरले नाही तर खायचे काय, हा शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न परमेश्वर तेथे स्वतःच मांडतो. त्याला तो अविश्वास म्हणत नाही. सहाव्या वर्षी तीन वर्षांना पुरेल इतके पीक देण्याचे अभिवचन देतो. आज्ञा पाळताना येणारी तूट त्याने एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारली नाही.

विषारी फवारणीबद्दल मात्र आपण शेतकऱ्याला फार सहज दोष देतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. विष आधी त्यांच्याच अंगात भिनते. फवारणी सोडा, असे त्यांना सांगावे खरे. पण पीक किडीने गेले तर कर्ज कोणी फेडायचे?

इंडोनेशियात काय घडले ते पाहा. तेथील सरकार कीटकनाशकांच्या किमतीचा बहुतांश भार स्वतः उचलीत असे. औषध स्वस्त, म्हणून फवारणी भरमसाट. तिने कोळ्यांसारखे किडीचे शत्रूच मेले आणि तपकिरी तुडतुड्यांनी भाताची शेते जाळल्यासारखी करून टाकली. १९८६ मध्ये ५७ कीटकनाशके भातावर वापरण्यास बंदी झाली आणि १९८९ पर्यंत अनुदानही संपले. शेतकऱ्यांसाठी शेतशाळा निघाल्या. मित्रकीटक कोणते, हे बांधावरच शिकविले जाऊ लागले. भाताचे उत्पादन काही घटले नाही.

आता आपल्या कापणीच्या सणाकडे वळू. भक्तीनंतर लिलाव होतो. चकचकीत वांग्यांवर बोली चढते, डाग असलेली पाटी मागे राहते. (लेवीयातला निर्दोष अर्पणाचा नियम पशूंसाठी आहे, वांग्यांसाठी नव्हे!) फवारलेस तर पैसे मिळतील, हेच आपण त्या बोलीतून शेतकऱ्याला सांगत असतो.

तेव्हा पंचकमिटीने यंदा लागवडीपूर्वीच ठरवावे : मंडळीतला किंवा शेजारगावचा जो शेतकरी काही वाफे फवारणीवाचून लावील, त्याचा माल डागांसह पूर्ण भावाने घ्यायचा, आणि वाफा किडीने गेलाच, तर तूट सणाच्या दानातून भरून द्यायची. संडे स्कूलच्या शिक्षकांनी एखाद्या रविवारी वर्ग तेथेच न्यावा. कोळी पानाखाली कोठे बसतो, ते मुलांना तो शेतकरीच दाखवील.