मागून आणलेले झबले

मूल आपले होते म्हणजे नेमके काय होते? जन्म दिल्याने ते आपले होते, पोसल्याने होते, की कायद्याने तसे लिहून दिल्याने होते? नीतिशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न आम्ही गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांपुढे टाकीत आलो आहो, आणि त्याची उत्तरेही ठरल्याप्रमाणे येत आली आहेत. कोणी रक्ताचा पक्ष घेतो, कोणी संगोपनाचा. देवकी आणि यशोदा यांची नावे निघतात. तास संपतो, आणि प्रश्न होता तेथेच राहतो. परंतु गेल्या हिवाळ्यात हाच प्रश्न बाजारातल्या एका दुकानात आमच्यापुढे असा काही उभा राहिला की, इतकी वर्षे आपण तो दुसऱ्यांस विचारीत होतो, स्वतःस मात्र धड विचारला नव्हता, हे आम्हांस कबूल करावे लागले.

घडले ते असे. आमचा एक जुना विद्यार्थी इटलीत मिलान शहरी नोकरीस असतो. त्याच्या शेजारचे एक अपत्यहीन दाम्पत्य विदर्भातील एका शहरातल्या संस्थेतून दोन वर्षांची मुलगी दत्तक घेण्यास येणार होते. कागदपत्रांचे सोपस्कार पुरे झाले होते. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचे अनुमतिपत्र व जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळाला होता. मुलीचे पारपत्रही तयार होते. त्या दोघांस मराठी वा हिंदी येत नव्हती आणि इंग्रजीही बेताचेच होते. म्हणून दोन दिवस त्यांच्या सोबतीस राहावे, अशी विनंती त्या विद्यार्थ्याने केली. त्याप्रमाणे आम्ही व आमच्या सौ. डोणगावहून तेथे गेलो.

त्यांनी आपल्याबरोबर एक मोठी पेटी भरून सामान आणले होते. लोकरीचा अंगरखा, पायमोजे, दूध पाजण्याची बाटली, दुधाची भुकटी, डायपर, एक कापडी ससा आणि तपकिरी चामड्याचे इवलेसे बूट. संस्थेने कळविलेली उंची व वजन समोर ठेवून कित्येक महिने त्यांनी ही तयारी केली होती. परंतु पहिल्याच रात्री त्या पेटीतील बहुतेक वस्तू निरुपयोगी ठरल्या. मुलगी बाटली तोंडास लावीना, कारण तिला स्टीलच्या पेल्याने पिण्याची सवय होती. भुकटीच्या दुधाची चव तिला ओळखीची वाटेना. उतरण्याच्या जागी मऊ गादी होती, तीवरून ती पुनःपुन्हा खाली उतरे आणि फरशीवर अंथरलेल्या चादरीवर जाऊन बसे. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेतील मावशींनी सांगितलेली यादी घेऊन आम्ही सर्वजण बाजारात गेलो. यादी साधी होती: स्टीलचा पेला, खोलगट वाटी, सुती झबली, चड्ड्या, एक दुपटे, खोबरेल तेल, आणि मऊ भातासाठी तांदूळ व मुगाची डाळ.

बुटांची गोष्ट निराळी होती. मुलीचा डावा पाय जन्मतः आत वळलेला होता. प्लॅस्टरचे उपचार होऊन ती आता चालत होती, तथापि तो पाय उजव्यापेक्षा लहान राहिला होता. वैद्यकीय अहवालात हे लिहिलेले होते आणि त्या दोघांनी तो अहवाल अक्षरशः पाठ केला होता. तरीही बूट आणताना दोन्ही एकाच मापाचे आणले होते. दुकानदाराने मुलीस बाकावर बसवून दोन्ही पाय मोजले आणि दोन मापांचे दोन जोड घ्यावे लागतील असे सांगितले. बापाने खिशातून वही काढून दोन्ही मापे वेगवेगळी लिहून घेतली. त्याच वहीत मुलगी काय खाते, किती वाजता झोपते, कोणते शब्द बोलते, हेही तो टिपून ठेवीत होता. 'पाणी', 'दे', 'नको' आणि 'मावशी' हे चार शब्द त्याने आमच्याकडून रोमन लिपीत लिहवून घेतले आणि त्यांचे उच्चार आम्हांकडून तपासून घेतले.

हे सारे पाहत असता आमच्या मनात जे विचार आले, ते उदार नव्हते. पैशाच्या बळावर हे लोक आमच्या मुलखातले लेकरू घेऊन चालले आहेत, असे आम्हांस वाटत होते. दुकानामागून दुकान, पिशवीमागून पिशवी; आणि या खरेदीच्या शेवटी ती मुलगीही त्यांच्या सामानात जाऊन बसणार, असा काहीसा तो दंश होता. अशी शंका अगदीच निराधार असते असेही नाही. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरव्यवहारांविषयी एका वकिलाने लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने हा विषय हाती घेतला, आणि 1984 साली लक्ष्मीकांत पांडे यांच्या त्या प्रकरणात पहिले सविस्तर निर्बंध घालून दिले. पुढे 1993 साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो 2003 साली मान्य केला. दत्तकासाठी पैसे देणे-घेणे तर 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानेच निषिद्ध ठरविले आहे. मूल आणि बाजार यांच्यामध्ये भिंत उभारण्यास कायद्याला इतके श्रम पडले, यावरून ती भिंत उभारण्याची गरज किती होती हे दिसतेच.

परंतु त्याच नियमांतला दुसरा भाग आम्ही सोयीस्करपणे विसरत होतो. मुलास प्रथम स्वदेशातच घर शोधावे आणि ते न मिळाल्यासच परदेशी कुटुंबाचा विचार करावा, असा दंडक आहे. म्हणूनच आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या मुलांत वयाने वाढलेली, आजारी, किंवा एखादे व्यंग असलेली मुले फार असतात. या मुलीसही ठरल्याप्रमाणे आधी येथेच घर शोधले गेले होते, आणि ते मिळाले नव्हते. तेव्हा आमच्या मुलखातले लेकरू हे लोक घेऊन चालले, ही तक्रार करणाऱ्याने प्रथम एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे: ते लेकरू मुलखाचे होते, तर मुलखातल्या एकाही घराचे का झाले नाही?

येथे आम्हांस आमच्याच घराचा दाखला द्यावा लागतो. बावीस वर्षांपूर्वी आम्ही व आमच्या सौ.नी दत्तक घेण्याचे ठरविले होते. एका संस्थेत नावही नोंदविले होते. सौ.नी चार झबली, एक टोपडे व एक कुंची आणून ठेविली होती. घरातील वडील मंडळींनी विचारले, "कोणाचे कोण? जात कळेना, गोत्र कळेना." आम्ही त्या वेळी महाविद्यालयात कांट शिकवीत होतो. कोणत्याही माणसास केवळ साधन म्हणून वागवू नये, हे सूत्र आम्ही फळ्यावर लिहीत होतो. आणि घरी येऊन गोत्राच्या प्रश्नापुढे गप्प बसत होतो. वडील मंडळींवर दोष ढकलणे आज सोपे आहे, कारण त्यांतील बहुतेक आता हयात नाहीत. परंतु खरे सांगावयाचे तर त्यांनी एकदाच विचारले होते. आम्ही दुसऱ्यांदा बोललो असतो, तर कदाचित त्यांनी ऐकलेही असते. आम्ही बोललो नाही. नाव परत घेतले, आणि ती झबली ट्रंकेत राहिली.

गोत्राचा हा प्रश्न येतो कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्या जुन्या दत्तकविधानात मुलाची गरज हा विचारच मुळी नव्हता. पिंडाला अधिकारी हवा, इस्टेटीला वारस हवा, म्हणून पुत्र घ्यावयाचा. कन्येस त्यात बहुधा स्थान नसे. संस्थाने तर याच एका प्रश्नावर राहिली किंवा बुडाली. दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी 1848 साली सातारा घेतले. 1875 साली कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव झाला. सयाजीरावांनी बडोद्याचे कल्याण केले हे खरे, पण त्यांस कवळाण्याहून नेले ते बडोद्याच्या गादीच्या गरजेसाठी. उलट, ज्यांनी मुलाची गरज आधी पाहिली असे लोक त्या काळी विरळाच. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि पुढे तेथेच एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत आपला म्हणून वाढविला. त्याची जात वा गोत्र जुळते की नाही, हे त्यांनी पाहिले नाही. आजचा कायदा बालकाचे हित सर्वांत वर मानतो. म्हणजे फुले दाम्पत्य जेथे दीडशे वर्षांपूर्वी उभे होते तेथे तो येऊन पोचला आहे. आमच्यासारखी सुशिक्षित घरे मात्र अद्याप वाटेतच आहेत.

असो. बाजार आटोपल्यावर ते दोघे मुलीसह मोटारीने संभाजीनगरकडे निघाले. वाटेत डोणगाव लागते, म्हणून दुपारच्या जेवणास ते आमच्या घरी थांबले. आमच्या घरी चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या आहे. मुलीच्या अंगावरील नवे कोरे कपडे पाहून ती म्हणाली, "बापू, लेकराच्या आंगावर पयले जुनं घालावं, मांगून आनलेलं. नवं तं काय, बजारातून कोनीबी आनते."

आमच्याकडची ही जुनी रीत अनेक वाचकांच्या परिचयाची असेल. बाळ जन्मले की त्यास प्रथम नवे वस्त्र घालीत नाहीत. ज्या घरची मुले जगली-वाचली, त्या घरचे वापरून मऊ झालेले झबले मागून आणतात. दृष्ट लागू नये म्हणून, असे कारण सांगतात. नव्या कापडाची खळ बाळाच्या कातडीस बोचते, हेही एक व्यवहारी कारण आहेच. पण त्या दिवशी आम्हांस त्या रीतीत तिसराच अर्थ दिसला. श्रीमंत असो वा गरीब, बापाने अपत्याच्या पहिल्या वस्त्रासाठी दुसऱ्याच्या दारी जाऊन हात पसरावयाचा. ज्या वस्तूसाठी हात पसरला, ती वस्तू सर्वस्वी आपली असे कोण म्हणेल? मूल आपल्याकडे आले आहे ते कोणाकडून तरी, कशातून तरी आले आहे, याची पहिल्याच दिवशी आईबापांस करून दिलेली ती आठवण असावी.

या दृष्टीने पाहता ते इटालियन दाम्पत्य आम्हांस निराळेच दिसू लागले. त्यांच्याइतके मागितले कोणी होते? परक्या देशाच्या दारी त्यांनी अर्ज केला, आपल्या घराची, मिळकतीची व मनाची चौकशी होऊ दिली, काही वर्षे वाट पाहिली. बाजारातही ते खरेदीदाराच्या तोऱ्यात नव्हते. पेला कोणता घ्यावा, भात किती मऊ करावा, हे ते मावशींना, दुकानदाराला, आमच्या सौ.ना विचारीत होते. पेटीतले आपले सर्व अंदाज चुकले हे त्यांनी एका रात्रीत मान्य केले होते. जन्मदात्या आईबापांस हे शिक्षण फार सावकाश मिळते, आणि कित्येकांस मिळतही नाही. मूल आपल्या मापाचे निघाले नाही म्हणून आयुष्यभर त्यावर रुष्ट असलेले बाप आम्ही महाविद्यालयात दरवर्षी पाहतो.

ममता या शब्दाच्या पोटात 'मम' आहे, म्हणजे 'माझे' आहे. प्रेमाच्या आरंभी हा ममकार असतो, तो असू नये असे आम्ही म्हणणार नाही. त्यावाचून कोणी रात्रीचा जागणार नाही. परंतु तो तेथेच थांबला तर मूल म्हणजे मालमत्ता होते, मग ते पोटचे असो की दत्तक. कालिदासाचा कण्व या बाबतीत आठवण्याजोगा आहे. शकुंतला त्याच्या पोटची नव्हे. पक्ष्यांनी राखलेले टाकलेले मूल त्याने उचलून आणले होते. ती सासरी निघाली तेव्हा आश्रमात तिला लेववण्यासारखे काही नव्हते; वस्त्रे आणि अलंकार आश्रमाच्या झाडांनी दिले. आणि ती गेल्यावर कण्वाला वाटते ते एवढेच की, ठेव होती, ती परत केली. कन्या हे परक्याचे धन, ही त्यातली समजूत आज आम्हांस मान्य नाही. पण 'ठेव' हा शब्द मुलगी, मुलगा, औरस, दत्तक, सर्वांस सारखाच लागू केला तर तो खोटा वाटत नाही. ठेव जिवापाड सांभाळावयाची असते, आणि तिच्यावर नाव आपले नसते.

आता कोणी विचारील की, मुलीची भाषा जाणार, गाव जाणार, येथली माणसे जाणार, त्याचे काय? याचे उत्तर आमच्यापाशी नाही, आणि बाजारातली कोणतीही वस्तू ही हानी भरून काढणार नाही. पाचसहा महिन्यांत ती 'पाणी' हा शब्दही विसरेल. आईबापांनी ही हानी झाकून ठेवू नये, एवढेच फार तर म्हणता येईल. त्या बाईने संस्थेतून निघताना मुलीच्या अंगावरचा जुना, विटलेला झगा मागून घेतला होता, आणि तो न धुता एका पिशवीत निराळा ठेविला होता. आत्याची रीत तिला कोणी सांगितलेली नव्हती.

आत्या मात्र तेवढ्यावर थांबली नाही. शेजारच्या घरी जाऊन त्यांच्या नातीचा जुना झगा ती मागून घेऊन आली आणि तिने तो मुलीच्या अंगात घातला. त्याच वेळी आमच्या सौ.नी माजघरातील ट्रंक उघडली. झबली बावीस वर्षांत पिवळी पडली होती. दोन वर्षांच्या मुलीस ती होणार नव्हती, हे त्यांसही ठाऊक असावे. तरी त्यांनी एक झबले तिच्या पाठीशी लावून पाहिले आणि पुन्हा घडी घातली. मूल जन्मले म्हणून जुने झबले मागावयास आमच्या दारी गेल्या बावीस वर्षांत कोणी आले नाही. येण्याचे कारणही नव्हते. आमची झबली जुनी झाली होती, पण वापरलेली नव्हती.

हे आम्ही सहानुभूतीसाठी लिहीत नाही. आमच्या वाचकांत अशी घरे असतील की जेथे आज हा विचार चालू आहे, आणि कोणी वडील माणसाने गोत्राचा प्रश्न काढल्यामुळे तो अडला आहे. त्यांना आमचे सांगणे इतकेच की, त्या प्रश्नाला एकदा उत्तर देऊन गप्प बसू नये. दुसऱ्यांदा बोलावे, तिसऱ्यांदा बोलावे. आणि तोवर झबली ट्रंकेत ठेवू नयेत.