दिवा आणि काटा

आमच्या घरामागच्या टिनाच्या सपरात बाबांची गाडी उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. कागदावर नाव काहीही असो, मालेगाव तालुक्यात तिला सगळे फियाटच म्हणत. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. १९९१ साली, म्हणजे वाशीम वेगळा जिल्हा व्हायच्या सात वर्षं आधी, त्यांनी ती अकोल्याहून जुनी विकत आणली. बाबा गेले, गाडी माझ्याकडे राहिली.

मागच्या उन्हाळ्यात मी मिस्त्रीकाकांना म्हटलं, “काका, ह्या तेलाच्या दिव्याच्या जागी काटा बसवून द्या.”

ते हसले. “बसवून देतो. पन मास्तरच्या पोरा, काटा पायनार कोन?”

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही.

आधी दिव्याचं सांगतो. आमच्या गाडीत पेट्रोलला काटा होता, पण इंजिनातल्या तेलाच्या दाबाला नुसता लाल दिवा. इंजिनावर एक लहानसं बटन असतं. तेलाचा दाब आला की आतला पडदा ढकलला जातो, जोड तुटतो, दिवा विझतो. दाब साधारण पाच-सात पौंडांच्या खाली गेला की जोड पुन्हा जुळतो आणि दिवा लागतो. रस्त्यावर चालत्या इंजिनाला तीस-चाळीस पौंड दाब लागतो. म्हणजे चाळीसचे वीस झाले, विसाचे दहा झाले, तरी दिवा गप्प. तो बोलतो तेव्हा बोलण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. अमेरिकेत गाडीवाले ह्याला चेष्टेनं ‘इडियट लाइट’ म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत येड्याचा दिवा.

१९९६च्या लग्नसराईत आम्ही अकोल्याहून परत येत होतो. पातूरचा घाट चढताना इंजिन ठकठक वाजायला लागलं आणि बंदच पडलं. उतरून पाहिलं तर खालचा बोल्ट ढिला झालेला, सगळं तेल वाटेत सांडलेलं. दोन दिवस आधी तेल मीच बदललं होतं. बोल्ट मीच आवळला होता. बाबा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि इतकंच म्हणाले, “दिवा तं लागलाच नाई रे.”

लागणार कसा? बल्बच उडाला होता. चावी फिरवली की तो दिवा आधी क्षणभर लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. चावीला लागणं हीच त्याची हजेरी. ती हजेरी कधी बंद झाली, आम्हा दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात नव्हतं. अंधार म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही धरून चाललो होतो. अंधाराचा दुसरा अर्थही असतो, हे घाटात कळलं.

गाडीचं इंजिन पुन्हा बांधता येतं. पुढचं जे सांगणार आहे, त्याचं तसं नाही.

२००६च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं. त्यात आपला वाशीम होता. त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, माझ्या चुलतभावानं जीव दिला. मी त्याला दादा म्हणायचो. त्याच्या आणि माझ्या घराची भिंत एक. रोज सकाळी तो दिसायचा, मी विचारायचो, “दादा, बरं हाय ना?” तो म्हणायचा, “हाव, बरं हाय.” मी शाळेत निघून जायचो.

नंतर पंचनामा झाला. सातबारा, कर्जाचा दाखला, वसुलीच्या नोटिसा गोळा झाल्या. एक लाखाच्या मदतीला तो पात्र की अपात्र, ह्याची चौकशी झाली. दिवा लागला होता. आता सगळे धावत होते, मीही धावत होतो.

कागद गोळा करताना एकेक गोष्ट आठवू लागली. पोळ्याच्या आधी त्यानं बैलजोडी विकली होती. आठवडी बाजाराला जाणं बंद केलं होतं. ओसरीवर येऊन चहा मागायचा, ते कधी थांबलं ते सांगता येत नव्हतं. ह्यातलं काहीच माझ्यापासून लपलेलं नव्हतं. काटा रोज थोडा थोडा उतरत होता, माझ्या डोळ्यांदेखत. मी मात्र दिव्याकडे बघत होतो, आणि दिवा म्हणत होता, “बरं हाय.”

मग माणसाला जबाबदार कशाबद्दल धरायचं? जे दिसलंच नाही त्याबद्दल कोणी धरत नाही. पण जे दिसत होतं आणि वाचलं नाही, त्याचं काय? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगितलं की दादानं सांगायला पाहिजे होतं. हे खरंही आहे. पण ‘बरं हाय ना?’ ह्या प्रश्नाला ‘नाई’ म्हणायला किती ताकद लागते, हे मी धरलंच नव्हतं. माझा प्रश्नच दिव्याचा होता.

मिस्त्रीकाकांनी काटा बसवला. बाबांच्या डॅशबोर्डला भोक पाडू दिलं नाही मी. खाली लोखंडी पट्टी लावून त्यावर बसवला. इंजिनाशी टी-जोड घातला, म्हणजे दिवाही राहिला आणि काटाही आला. आतली करामत जुनीच आहे. बुर्दों नावाच्या फ्रेंच कारागिरानं १८४९ साली पेटंट घेतलेली वाकडी, चपटी नळी. दाब आला की ती सरळ होऊ पाहते, आणि तिच्या टोकाशी जोडलेला काटा फिरतो.

पहिल्याच आठवड्यात माझी तारांबळ उडाली. सकाळी थंड इंजिनाला काटा पन्नासवर, आणि मालेगावच्या चौकात उभा राहिलो तर विसावर. मी घाबरून गाडी बंद केली, काकांना फोन लावला.

“गरम तेल पातळ होते, बाप्पा,” ते म्हणाले. “काटा उतरनारच. त्याचा रोजचा ठिकाना ओयख आधी. अन् सारखा त्याच्याचकडं पायत रायशीन, तं समोरच्या बैलबंडीवर जाशीन.”

मला वाटतं, सगळं ह्यात आलं. दिव्याला ओळख लागत नाही, तो कोणालाही सारखाच दिसतो. काट्याला ओळख लागते. वीस हा आकडा चांगला की वाईट, हे ज्याला त्या इंजिनाचं रोजचं माहीत आहे त्यालाच कळतं. माणसाचंही तसंच असावं. परक्यानं येऊन दादाकडे पाहिलं असतं तर त्याला काहीच दिसलं नसतं. मला दिसू शकत होतं, कारण तो चहा किती वाजता मागतो हे मला माहीत होतं. म्हणून माझा वाटा परक्यापेक्षा जास्त. आणि कोणाच्या घरात सारखं डोकावत राहणं हाही जाचच, हे काकांचं दुसरं वाक्य सांगतं. अधूनमधून नजर टाकायची, पण टाकायची.

दादाचा पोरगा आता तीच शेती करतो. त्याला मी ‘बरं हाय का?’ विचारणं सोडलं. “एकरी सोयाबीन कितीक झालं? भाव काय भेटला? सोसायटीचं कितीक रायलं?” असं विचारतो. ज्याचं उत्तर आकड्यात द्यावं लागतं असं. तो वैतागतो. “काका, काऊन इतकं इचारता?” म्हणतो. तरी आकडा सांगतो.

परवा संध्याकाळी मी गाडी पुसत होतो. तो आला, सपराच्या खांबाला टेकून उभा राहिला. मी काही विचारलं नव्हतं.

“काका,” तो म्हणाला, “थोडं बोलाचं होतं.”

मी फडकं बाजूला ठेवलं आणि त्याला बसायला बाज ओढली.