चुकीची बातमी मागे घेताना

भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला असताना, ८ मे २०२५ च्या रात्री अनेक वृत्तवाहिन्यांनी भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचे जाहीर करून टाकले. कुणी इस्लामाबादपर्यंत मजल मारली, कुणी पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना अटक झाल्याचे सांगितले. पडद्यावर स्फोटांची दृश्ये, मागे हवाई हल्ल्याचा भोंगा. यातले काहीच घडले नव्हते. ११ मेच्या पत्रकार परिषदेत नौदलाने सांगितले ते एवढेच, की कराचीसह निवडलेल्या लक्ष्यांवर मारा करण्यासाठी आरमार सज्ज होते.

त्या भोंग्यासाठी तर सरकारला १० मे रोजी स्वतंत्र सूचना काढावी लागली. जनजागृती सोडून इतर कार्यक्रमांत हा आवाज वाजवू नका, कारण तो सवयीचा झाला तर खऱ्या हल्ल्याच्या वेळी लोक जागचे हलणार नाहीत.

पण कराचीची अफवा ऐकून तिथे कुणाचे काही बिघडले नाही. जम्मू-काश्मीरमधल्या पूंछमध्ये बिघडले. ७ मेच्या पाकिस्तानी तोफमाऱ्यात तिथल्या एका मदरशातले शिक्षक मारले गेले. काही वाहिन्यांनी त्यांचे छायाचित्र दाखवून, भारताच्या हल्ल्यात ठार झालेला दहशतवादी म्हणून त्यांची ओळख करून दिली. ज्या घरात मृतदेह होता, त्याच घरापर्यंत ही बातमी पोहोचावी, यापेक्षा क्रूर काय असेल? पूंछ पोलिसांनी लगेच खुलासा केला. तरी प्रकरण तिथे संपले नाही. जूनच्या अखेरीस स्थानिक न्यायालयाने संबंधित वाहिन्यांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

युद्धाच्या रात्री खरे-खोटे पारखणे अवघड असते, हे वाहिन्यांचे म्हणणे कराचीपुरते ऐकून घेता येईल. पूंछ मात्र भारतातला जिल्हा आहे. तिथल्या पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला किंवा स्थानिक वार्ताहराला एक फोन पुरला असता. तो का झाला नाही? वार्ताहर पोसण्यापेक्षा चार पाहुण्यांना चर्चेला बसवणे स्वस्त पडते, आणि दुसऱ्या वाहिनीवर पट्टी झळकली की आपल्या डेस्कला थांबायला कुणी सांगत नाही.

या घाईची किंमत मुंबईने आधी मोजली आहे. २६/११ च्या हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली थेट दिसत होत्या आणि सीमेपलीकडचे सूत्रधार त्या बघून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालपत्रात त्यावर कठोर ताशेरे ओढले. पुढे केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. म्हणजे घातक ठरणारे खरे दृश्य रोखण्याची सोय झाली. सांगून झालेले खोटे मागे कसे घ्यायचे, ते वाहिन्यांच्या स्वनियमनावर राहिले.

ते स्वनियमन किती तोकडे आहे, हे २०२० मध्ये दिसले. दिवंगत अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या नावावर बनावट ट्वीट दाखवल्याबद्दल ‘आज तक’ला माफी मागण्याचा आदेश आणि १ लाख रुपयांचा दंड झाला. एवढ्या मोठ्या वाहिनीच्या ताळेबंदात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही. २०२३ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनीही हाच प्रश्न विचारला : कार्यक्रमातून झालेल्या कमाईच्या प्रमाणात दंड नको का?

दंड वाढायलाच हवा, पण त्याने पूंछमधल्या घराचे काय भरून निघणार? बातमी रात्री नऊला सांगितली असेल तर दुरुस्तीही रात्री नऊलाच हवी, त्याच निवेदकाच्या तोंडून आणि तितकाच वेळ. शिवाय तक्रार मान्य झाली की चित्रफीत यूट्यूबवरून काढायला लावतात, तेवढेही पुरेसे नाही, कारण मग चूक झाल्याचा पुरावाच उरत नाही. त्या जागी दुरुस्ती राहिली पाहिजे : काय सांगितले होते, ते कुणाच्या भरवशावर, आणि खरे काय होते.