हुन्नर आणि इमान

हातातला हुन्नर आणि मनातले इमान या दोन गोष्टी एकमेकांपासून वेगळ्या करता येतात का? माणूस आपल्या कामात तरबेज असला, की ते काम कोणासाठी आणि कशासाठी चालले आहे, हे विचारण्याची गरज उरत नाही का? प्रश्न जुनाच आहे. पण आम्हा खेड्यापाड्यातल्या मराठी मुसलमानांना तो जरा जास्त जवळचा आहे. आमच्यापैकी पुष्कळांच्या नावावर सात-बारा नाही. बापाकडून मुलाकडे आला तो हुन्नर. गवंडीकाम, फिटरकाम, वेल्डिंग, मोटारीचे इंजिन उघडून पुन्हा जोडणे, हीच आमची इस्टेट. त्यामुळे कसबी माणसापुढे आमची मान आपोआप लवते. ही सवय चांगलीच आहे. पण चांगली सवयसुद्धा कधीतरी तपासून पाहावी लागते. त्यासाठी आम्ही घेतो ते उदाहरण दूरचे वाटेल: दुसऱ्या महायुद्धातली जर्मन लढाऊ विमाने, ती घडवणारे आणि ती चालवणारे.

दूरचे म्हणतो खरे, पण त्या विमानांचा एक धागा आमच्या नीरेच्या काठापर्यंत येतो. निरवांगी हे इंदापूर तालुक्यातले नीरेकाठचे गाव. पलीकडच्या तीरावर माळशिरस तालुका सुरू होतो. जवळच वालचंदनगर. शेठ वालचंद हिराचंद यांनी तिथल्या माळरानावर ऊस पिकवला, साखर कारखाना उभा केला, वसाहत वसवली. त्याच वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साह्याने बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी काढली. महायुद्ध पेटलेले होते. १९४२ साली इंग्रज सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला आणि तिथे अमेरिकन विमानांची दुरुस्ती होऊ लागली. म्हणजे हा कारखाना जर्मनी आणि जपान यांच्या विरुद्ध बाजूचा.

आणि त्याच कारखान्यात, युद्ध संपून अकरा वर्षे झाल्यावर, १९५६ साली एक जर्मन अभियंता आला. डॉ. कुर्ट टँक. जर्मन हवाई दलाचे 'फॉके-वुल्फ १९०' हे गाजलेले लढाऊ विमान त्यांच्या डोक्यातून उतरलेले. पहिल्या महायुद्धात ते घोडदळात होते. विमान बनवताना त्यांची कल्पना अशी होती, की शर्यतीचा नाजूक घोडा नको. चिखलमातीत टिकणारा, शिपायाला सहज सांभाळता येणारा रिसाल्याचा घोडा हवा. असे सुमारे वीस हजार घोडे हिटलरच्या पागेत उभे राहिले. पराभवानंतर टँक अर्जेंटिनात गेले, तिथून हिंदुस्थानात आले आणि त्यांनी आपल्याला 'मारुत' हे जेट लढाऊ विमान आखून दिले. १७ जून १९६१ रोजी मारुत पहिल्यांदा उडाले. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ते लढलेही.

आम्हांला याचा अभिमान वाटतो. मग त्याच अभिमानाला विचारावे लागते: ज्या हाताने हिटलरला घोडा दिला, त्याच हाताने तो आपल्यालाही दिला, तर हा हात स्वच्छ कसा मानायचा?

जर्मन वैमानिकांविषयी लोक जे बोलतात, त्यात या प्रश्नाचे सर्वांत प्रचलित उत्तर आहे. ते वैमानिक शूर होते, शिस्तीचे होते, त्यांचा राजकारणाशी संबंध नव्हता. ते फक्त उडत होते आणि लढत होते, असे ते उत्तर. शौर्याविषयी वाद नाही. एरिख हार्टमान याच्या नावावर ३५२ विमाने पाडल्याची नोंद आहे. आजवर कोणाही वैमानिकाची यापेक्षा मोठी नोंद नाही. हान्स-योआखिम मार्साय आफ्रिकेच्या वाळवंटावर 'मेसरश्मिट १०९' चालवत असे. ३० सप्टेंबर १९४२ रोजी इंजिनात बिघाड होऊन त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर १५८ विमाने होती. त्याच्या हुन्नराचे वर्णन शत्रूकडच्या लोकांनीही आदराने केले आहे.

पण विमान आकाशातून पडत नाही. ते कोणीतरी बनवलेले असते. मेसरश्मिटच्या विमानांचे भाग फ्लोसेनब्युर्ग आणि गुसेन इथल्या छळछावण्यांतले कैदी बनवत होते. गुसेनजवळ डोंगर पोखरून काढलेल्या भुयारांत मेसरश्मिटचे नवे जेट विमान तयार होत होते, आणि ते करताना हजारो कैदी भुकेने, मारहाणीने, कष्टाने मेले. त्याही आधी, २६ एप्रिल १९३७ रोजी, जर्मन हवाई दलाने स्पेनमधले गेर्निका हे बाजाराचे गाव भाजून काढले. गेर्निकावर लढाऊ विमानेही होती. वर आकाशात शौर्य होते आणि खाली जमिनीखाली ते शौर्य पुरवणारे भुयार होते. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो. 'आम्ही फक्त उडत होतो' हे म्हणणे म्हणजे वहीचे अर्धे पान फाडून टाकणे.

यावर कोणी म्हणेल, वीस-बावीस वर्षांच्या पोराने काय करायचे होते? आक्षेप बिनबुडाचा नाही. आमच्याच मुलखातली माणसे त्या युद्धात दुसऱ्या बाजूने लढत होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी आफ्रिकेत गेल्या, इटलीत गेल्या. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर गोळ्यांच्या वर्षावात जखमी साथीदारांना वाहून आणले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या बादशहाच्या नावाने ते पदक दिले गेले, त्याच बादशहाच्या राज्याविरुद्ध इकडे साताऱ्यात नाना पाटलांचे पत्री सरकार उभे होते. दुष्काळी पट्ट्यातून भरती झालेल्या शिपायाला 'कोणाच्या साम्राज्यासाठी लढतोस?' असे घरी बसून विचारणे सोपे आहे. गणवेश पाहून माणसाचा निवाडा करता येत नाही, हे आम्ही मान्य करतो. एका बाजूचा प्रत्येक शिपाई सैतान नसतो आणि दुसऱ्या बाजूचा प्रत्येक फरिश्ता नसतो.

पण यातून 'कोणीच जबाबदार नाही' असा निष्कर्ष काढायचा का? इथे एका जर्मन वैमानिकाचीच साक्ष काढावी लागते.

२० डिसेंबर १९४३. ब्रेमेनवर बाँब टाकून परतणारे एक अमेरिकन बॉम्बर विमान चाळणी झालेल्या अवस्थेत कसेबसे उडत होते. चालक चार्ली ब्राउन एकवीस वर्षांचा. फ्रान्झ श्टिग्लर आपले मेसरश्मिट घेऊन त्याच्या पाठीमागे पोहोचला. बंदुकीच्या घोड्यावर बोट होते. श्टिग्लरचा सख्खा भाऊ याच युद्धात मेला होता. सुडाला कारण होते. त्याने जवळ जाऊन पाहिले, तर विमानाच्या फाटलेल्या पत्र्यातून रक्ताने माखलेली माणसे एकमेकांना सावरताना दिसत होती. आफ्रिकेत त्याच्या वरिष्ठाने शिकवले होते, की छत्रीने उतरणाऱ्यावर गोळी झाडायची नाही. ही माणसे त्याला तशीच वाटली. त्याने गोळी झाडली नाही. समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत तो त्यांच्या शेजारून उडाला, सलाम केला आणि माघारी फिरला. हे कळले असते तर लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागले असते, म्हणून तो गप्प राहिला. १९९० साली ते दोघे भेटले, मित्र झाले, आणि २००८ साली काही महिन्यांच्या अंतराने दोघेही वारले.

ही गोष्ट जगभर सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याचे डोळे ओले होतात. पण त्या एका कृपेने श्टिग्लरने लढलेले सारे युद्ध धुऊन निघत नाही. तो ज्या फौजेत होता, ती तीच फौज होती. मग त्या गोष्टीची किंमत काय? आमच्या मते, किंमत ही, की त्याने जागा दाखवून दिली. त्या यंत्रात, त्या हुकमात, त्या वेगात दोन गोष्टींमधून निवड करण्याएवढी जागा माणसाकडे उरते, हे त्याने सिद्ध केले. म्हणून श्टिग्लरची दया ही त्याच्या सोबत्यांची वकिली करत नाही. ती त्यांच्याविरुद्ध साक्ष देते. एकाला जे जमले, ते इतरांना अशक्य होते असे म्हणता येत नाही.

हे सारे परक्यांचे म्हणून बाजूला ठेवायची सोय आम्हांला नाही. १९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे लहान विमान कच्छच्या सीमेजवळ पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन याने पाडले. विमानात आठ जण होते. कोणी वाचले नाही. विमान नागरी आहे हे हुसेनला दिसले होते. चालक जहांगीर इंजिनिअर यांनी पंख हलवून दया मागितली होती. हुसेनने खालून हुकूम विचारला, हुकूम आला, आणि त्याने गोळी झाडली. छेचाळीस वर्षांनी, २०११ साली, त्याने इंजिनिअर यांच्या मुलीला पत्र लिहून दुःख व्यक्त केले. तिने मन मोठे करून उत्तर दिले आणि कटुता ठेवली नाही.

श्टिग्लर आणि हुसेन यांच्यात दुष्ट कोण आणि सज्जन कोण, असा हा हिशेब नाही. हुसेनही हुकमाचा शिपाईच होता, आणि इतक्या वर्षांनी पत्र लिहिण्याचे धैर्य किती जणांत असते? पण फरक एका जागी आहे. एकाने निर्णय स्वतःच्या जमीरला विचारून घेतला, दुसऱ्याने खालच्या आवाजाला विचारून. त्या दिवशी हुकूम पाळून मोकळे होता आले. जमीरने मात्र छेचाळीस वर्षे पाठ सोडली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. डागाळलेल्या हातातून आलेला हुन्नर घ्यावा की टाकावा? याचे उत्तर आम्हांला एका वर्गखोलीत सापडते. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे 'अग्निपंख' आमच्या घराघरांत वाचले गेले. बारावीच्या मुलांना बक्षीस म्हणून दिले गेले. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा उल्लेख त्यात आहे. त्यांपैकी एक ऑस्ट्रियाचे प्रा. स्पाँडर. महायुद्धात नाझींनी त्यांना छळछावणीत डांबले होते. त्यांच्या मनात जर्मनांविषयी तीव्र नावड होती. आणि त्याच विभागाचे प्रमुख जर्मन, शिवाय कुर्ट टँकही तिथलेच एक प्राध्यापक!

स्पाँडर यांनी काय केले? त्यांनी झाले ते विसरल्याचे सोंग केले नाही; नावड होती, ती होती. पण ते नोकरी सोडून गेले नाहीत, शिकवण्यात कसूर केली नाही, मनाचा तोल जाऊ दिला नाही. निरोपाच्या वेळी वर्गाचा फोटो काढताना त्यांनी मागच्या रांगेत उभ्या असलेल्या कलामांना शोधून पुढे आणले आणि आपल्या शेजारी बसवले. छावणीतून जिवंत सुटलेल्या माणसाने रामेश्वरच्या नावाड्याच्या मुलाला ती जागा दिली. इल्म कोणाकडूनही घ्यावे, पण ते देणाऱ्याचा गुनाह माफ झाला असे त्यामुळे समजू नये. आणि आपल्याकडून ते पुढे जाताना माणूस पाहून द्यावे. स्पाँडर यांच्या वागण्यातून आम्ही एवढे शिकलो.

ही कसोटी आमच्या लाडक्या माणसांनाही लावायला हवी, नाहीतर ती कसोटीच नव्हे. कलामसाहेबांनी क्षेपणास्त्रे घडवली. आमच्याकडे देशप्रेमाचा दाखला मागितला गेला, की आम्ही त्यांचे नाव घेतो, जणू अग्निबाण हेच निष्ठेचे प्रमाणपत्र. यात त्यांच्यावर अन्याय होतो आणि आमच्यावरही. ज्या मुसलमानाला क्षेपणास्त्र बनवता येत नाही, जो निरवांगीत पंप दुरुस्त करतो किंवा उसाच्या ट्रॅक्टरला वेल्डिंग मारतो, त्याची निष्ठा काय कमी वजनाची? आणि क्षेपणास्त्र कोणावर, कधी, कोणाच्या हुकमाने सुटावे, हा प्रश्न ते बनवणाऱ्याच्या नावाकडे बोट दाखवून सुटत नाही. हुन्नराला दाद देणे वेगळे आणि हुन्नरालाच इमान समजणे वेगळे.

आपल्या घरांत लहानपणापासून सांगतात, की माणसाच्या कामाचा हिशेब त्याची नियत पाहून होतो. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की नियत मनात ठेवून भागत नाही. ती हाताला कळवावी लागते. पोरगा आयटीआयमधून किंवा गॅरेजमधून काम शिकून घरी आला, की आम्ही त्याला एकच विचारतो, 'काय काय येतं तुला?' विचारायलाच हवे. पोट त्यावर चालणार आहे. पण त्याच बैठकीत दुसरेही विचारावे: 'कोणी सांगितलं तरी काय करणार नाहीस?' या प्रश्नाचे उत्तर शोधायला वैमानिकाला आकाशात काही क्षणच मिळतात. आमच्या पोरांना ते जमिनीवर, सवडीने शोधता येते. ती सवड आपण त्यांना द्यावी.