स्त्रीचे चित्र आणि स्त्रीचा जीव

कलेतील स्त्रीचे चित्रण योग्य की अयोग्य, हा प्रश्न बहुधा वस्त्रांच्या मापाने सोडविला जातो. १९८६ च्या स्त्रियांचे असभ्य प्रतिरूपण प्रतिबंधक कायद्यातही मुख्यतः तिची आकृती, रूप व शरीर कसे दाखविले, याचाच विचार आहे. असा निर्बंध आवश्यक आहे. परंतु तेवढ्याने प्रश्न संपतो काय? अंगभर वस्त्र ल्यालेली स्त्रीही चित्रात केवळ वस्तू म्हणून उभी असू शकते.

तारामतीचेच उदाहरण घ्यावे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळाली नाही. अण्णा साळुंके या पुरुषाने ती केली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. एकोणीस वर्षांत तारामतीला स्त्रीचा देह मिळाला, वाणीही मिळाली. तथापि कथा तीच राहिली: सत्यव्रत राजाचे, विक्रय मात्र राणीचाही. त्या विक्रयाविषयी तिला स्वतःला काय वाटले, हे विचारल्यावाचून तिच्या त्यागाची स्तुती करणे सोपे असते. पतिव्रता म्हणून पूजिलेली आणि मोहिनी म्हणून न्याहाळलेली, या दोघींच्याही बाबतीत पाहणारा एक गोष्ट विसरतो. ती म्हणजे तिचा जीव.

या ठिकाणी लीळाचरित्राकडे वळावे. महदाइसा बालविधवा होत्या. अशा स्त्रीचे चित्र जगाने दयेच्या नाहीतर अशुभाच्या रंगानेच रंगविले असते. म्हाइंभट्टांच्या ग्रंथात मात्र त्या प्रश्न विचारताना दिसतात. एका उत्तराने समाधान न झाल्यास पुनः विचारतात, आणि सर्वज्ञ त्यांच्या चर्चक वृत्तीचे कौतुक करतात. पुरुषांना जीव आणि स्त्रियांना काय कमी प्रतीचा जीव असतो, अशा आशयाचा स्वामींचा प्रश्न सर्वपरिचितच आहे. देह प्रपंचात मोडतो; ज्ञानाचा अधिकारी जीव आहे. म्हणून जे चित्र स्त्रीचा देह दाखवून तिची जिज्ञासा गाळते, ते असभ्य असो वा नसो, असत्य आहेच.

यावर कोणी म्हणेल, आचारधर्मात साधकाला स्त्रीदर्शनापासून सावध केले आहे, त्याची वाट काय? त्या वचनांचा रोख नीट पाहावा. ती पाहणाऱ्याच्या चित्तातील विकाराला उद्देशून आहेत. स्त्रीचे स्वरूप सांगण्यासाठी नव्हेत. रोग्यास पथ्य सांगितले म्हणून अन्न दूषित ठरत नाही. पथ्याच्या वचनातून स्त्रीच्या हीनतेचा सिद्धांत काढणारा, तिला भोगवस्तू म्हणून रंगविणाऱ्याच्याच पंक्तीस बसतो. दोघांनाही तिचा देहच तेवढा दिसतो. ही चूक पोथी वाचणाऱ्याकडूनही होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे.

तेव्हा चित्रपट असो, जाहिरात असो वा कीर्तनातील आख्यान, कसोटी एकच लावावी. या चित्रातील स्त्रीला काही जाणून घ्यावयाचे आहे काय? तिने विचारले तर तिला उत्तर मिळते काय? आपल्या घरातील मुलगी अशी चित्रे रोज पाहते आणि त्यांवरून स्वतःची किंमत ठरविते. तिने आरशाला प्रश्न विचारावा की महदाइसांप्रमाणे ज्ञात्याला, हे ती काय पाहते यावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे. आणि घरात तिने प्रश्न विचारला असता वडीलधारी मंडळी काय करतात, यावर त्याहून अधिक.