मुहूर्त कोणाचा?

गळ टाकून बसणाऱ्याला त्याचा आवडता ऋतू विचारा. हिवाळा तो म्हणणार नाही; गार पाण्यात मासा सुस्त, आमिषाकडे ढुंकून बघत नाही. उन्हाळा चालेल, नदी आटली की मासे डोहात गोळा होतात. पण मृग म्हटले की गड्याचे डोळे लकाकतात! पहिल्या पावसाने ओढे वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध चढत थेट भातखाचरात येतात. हेच ते चढणीचे मासे. कुठे वलगणीचे म्हणतात. गळसुद्धा नको, टोपली पुरे.

आता हे मासे काही आपल्या भेटीला येत नाहीत. अंडी घालायला निघालेले असतात. म्हणजे बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकीला एस. टी. स्टँडवरच गाठण्यातला हा प्रकार! आणि वर आपण म्हणणार, "वा! गाभोळी काय झकास!"

इंग्लंडात नद्यांवर रोच, ब्रीम असल्या माशांना १५ मार्च ते १५ जून गळमाफी असते. आपल्या समुद्रातही जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद. पण खाचराच्या बांधावर पहारा कोण देणार? तिथे चोर आपण, फौजदारही आपणच.

आम्हां बँकवाल्यांचे शास्त्र सोपे: व्याज खावे, मुद्दल राखावे. गाभोळीच्या घासात दोन्ही एकदम जातात. अर्थात ज्याच्या चुलीवर त्या दिवसांत दुसरे काही शिजत नाही, त्याला हे शास्त्र सांगायला माझी जीभ रेटत नाही. भुकेला थांबता येत नाही, हौसेला येते. मग आधी थांबावे कोणी?